काश्का-बुलाकचा उतार

“रविवारी पोरांना बर्फात घेऊन जायचंय, दादा. सकाळी निघून संध्याकाळी परत. आक-जार बरं की तेरेक-बेल?”

फोनवरच्या बाईंना तोलोगोननं नेहमीच्या सवयीनं सांगितलं, “पोरं पहिल्यांदाच स्की घालतायत ना? मग आक-जार. उतार अंगावर येत नाही, रस्ता साफ असतो, दमली की बसायला गरम खोली आहे. तेरेक-बेलला बर्फ झकास, पण रांगेतच दुपार होते. तिकडं मुक्कामाला जा, दोन दिवस काढून.”

“आणि काश्का-बुलाक? माझी थोरली तिथंच शिकली.”

“ते बंद झालं. चार वर्षं झाली.”

“अगंबाई! का हो?”

“कल्पना नाही,” असं म्हणून तोलोगोननं फोन ठेवला.

कल्पना त्याला चांगलीच होती. बिश्केकच्या त्या वर्तमानपत्रात तो एकवीस वर्षं नोकरीला होता. एरवी हवामान आणि निधनवार्ता. पण डिसेंबर आला की एक अख्खं पान त्याचं. शहराभोवतालचे बर्फाचे उतार तो स्वतः फिरून बघायचा आणि कुठं एका दिवसात जाऊन यावं, कुठं मुक्काम करावा, हे लिहायचा. लोक ते पान कापून स्वयंपाकघरात चिकटवायचे. कुणाच्या जेवणाला भुलला नाही, कुणाच्या ओळखीला बधला नाही, असा त्याचा लौकिक होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

सहा वर्षांपूर्वी त्यानं काश्का-बुलाकबद्दल लिहिलं होतं: ‘एक उतार, एक दोरी, एक चहाची खोली. दीड तास घालवून जावं असं इथं काही नाही.’ वाक्य जमलं म्हणून तेव्हा तो स्वतःवर खूश झाला होता. तो उतार चालवायचा कालमुरात. ट्रॅक्टरचं जुनं इंजिन लावून त्यानं ती दोरी फिरती केली होती. लोक ती धरून वर जायचे. कालमुरात आणि तोलोगोन दोघं सैन्यात एका तुकडीत होते, एका बराकीत झोपले होते. त्या लेखानंतर तोलोगोन तिकडं फिरकला नाही. दोन हिवाळ्यांनी उतार बंद पडल्याचं त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

नव्या वर्षात तो निवृत्त होणार होता. हे त्याचं शेवटचं पान. फोन ठेवल्यावर त्यानं अर्धवट लिहिलेला कागद बाजूला सारला, कोट चढवला आणि काश्का-बुलाकची मिनीबस पकडली.

दार कालमुरातच्या बायकोनं, बुरुलनं उघडलं.

“वहिनी, ओळखलंत का?”

“न ओळखायला काय झालं? केस गेले, बाकी तेच आहात.” तिनं हसून आत घेतलं आणि परसदारी हाक मारली, “अहो, शहरातले पाहुणे आलेत!”

कालमुरात मेंढ्यांना गवत टाकून आला. अंगानं वाळला होता, खांदे मात्र तसेच रुंद. त्यानं तोलोगोनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“आज किती गुण देणार?” त्यानं विचारलं. “चहा तोच आहे बघ. दोरी तेवढी नाही. गवताच्या गंजीला बांधली.”

“कशाला टोचता आल्या आल्या?” बुरुल म्हणाली आणि तळलेल्या बोरसोकची परात पुढं सरकवून चहा ओतू लागली.

तोलोगोननं चहाची वाटी हातात धरली, पण तोंडाला लावली नाही. बसमध्ये दहादा जुळवलेलं सगळं बोलणं तो विसरला. “कालमुरात, मी ते लिहायला नको होतं.”

“का? खोटं होतं?”

“खोटं नव्हतं.”

“मग? दोरी एकच होती. उतारही एकच. लोकांना जवळ, मोठं, चकाचक मिळालं, तर ते तिकडं जाणारच. तू लिहिलं नसतंस तर आणखी एखादा हिवाळा निघाला असता, एवढंच.” कालमुरातनं बोरसोकचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला. “पण त्या दिवशी तू इथंच बसला होतास. याच जागी. जेवलास, माझे जुने हातमोजे घालून दोनदा उतरलास, जाताना मला मिठी मारलीस. तेव्हा सगळं तुझ्या वहीत लिहून झालं होतं ना?”

तोलोगोननं होकारार्थी मान हलवली.

“मला सांगायचं होतंस. ‘कालमुरात, तुझ्या जागेत काही दम नाही, मी तसं छापणार आहे.’ दोन शिव्या दिल्या असत्या तुला, आणि संपलं असतं. मला ते बाजारात कळलं. मटणवाला मोठ्यानं वाचत होता, आणि भोवतीचे सगळे माझ्याकडं बघत होते.”

बुरुल किटली घेऊन उठली आणि आत गेली.

“मी भ्यालो,” तोलोगोन म्हणाला. “तुझं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं.”

“बघायला नव्हतासच तू.”

तोलोगोन म्हणाला, “माझं शेवटचं पान आहे. तुझ्यावर लिहितो. तू किती पोरांना शिकवलंस, ते सगळं.”

“नको.” कालमुरातचा आवाज चढला नाही. “बंद पडलेल्या उताराचं कौतुक वाचून लोक येतील, आणि मेंढ्या बघून परत जातील. उगाच कुणाचा दिवस वाया का घालवायचा? चहा घे, गार झाला.”

तोलोगोननं गार चहा पिऊन टाकला.

चारची बस होती. घरापासून खाली रस्त्यापर्यंतच्या उतरत्या वाटेवर बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा झाला होता आणि तोलोगोनच्या पायांत शहरातले गुळगुळीत तळांचे बूट. तिसऱ्याच पावलाला त्याचा पाय सटकला. त्यानं कुंपण धरलं आणि तिथंच अडकला.

त्याला पोचवायला निघून पुढं गेलेला कालमुरात मागं आला. तो उताराकडं पाठ करून तोलोगोनसमोर उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

“धर. गुडघे वाकव. पायाकडं नको बघू, माझ्याकडं बघ.”

तोलोगोननं हात धरले. कालमुरात मागं न बघता एकेक पाऊल उलटं टाकत खाली उतरू लागला.

“माझ्याकडं,” तो पुन्हा म्हणाला. “अस्सं.”

खाली रस्त्यावर बस येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.