रिकाम्या पोर्टवरची लाइन

माह्या कामाचं कोणाले सांगायले गेलं का तो तोंड वासून पाह्यते, आन् मंग इचारते, "म्हणजे वायफाय ना?" असा राग येते का सांगू नये. वायफाय नाई बाप्पा. आमच्या वर्ध्याच्या दवाखान्याच्या बाहेर दोन शाखा आहेत, एक तळेगावले, एक पवनारले. तिथं कोणाच्या छातीत दुखलं का नर्स मशीन लावून इसीजी काढते, आन् तो लाइनीवरून वर्ध्याच्या डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर येते. तो ज्या रस्त्यानं येते तो रस्ता मी बांधतो. प्रफुल ढोक, नेटवर्कवाला. स्वभाव तिखट आहे. बायको म्हणते, तुमची जीभ सुकवून कुटली तर सावजीवाल्याले मसाला पुरन.

समजायचं असन तर एसटीचं पार्सल समजा. गठ्ठ्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवतात. मधल्या स्टँडवरचा माणूस आत काय आहे, कोणाचं आहे, काही पाह्यत नाई. चिठ्ठी पाह्यते, फाडते, आपली नवी लावते आन् पुढच्या गाडीत टाकते. राउटरचंही तसंच. तळेगावची लाइन नागपूरवरून फिरून जामले येते, जामचा राउटर चिठ्ठी बदलते आन् वर्ध्याले धाडते. पवनारचीही जामवरूनच. पवनार वर्ध्याच्या नाकासमोर आहे, पण रोडवाल्यानं केबल तोडली तवापासून तात्पुरती जामवरून घेतली. आपल्याकडं तात्पुरतं म्हणजे काय ते तुम्हाले सांगायले नको.

आता वर्ध्याचा राउटर निळा, एका कंपनीचा. जामचा काळा, दुसऱ्या कंपनीचा. जामचा पहिला उन्हाळ्यात जळला, म्हणून ट्रस्टनं लिलावातून जुना आणला, कुठल्यातरी बंद पडलेल्या दवाखान्यातला. मी त्याची सारी जुनी सेटिंग पुसली. एक ओळ मात्र पुसल्या गेली नाई. पुसली का परत दिसे. अमुक चिठ्ठी आली का बदलायची आन् शेवटच्या पोर्टमधून बाहेर काढायची, असं त्या ओळीत होतं. त्या पोर्टमध्ये केबलच नव्हती, नुसतं रिकामं तोंड. मी म्हणलं, कंपनीचा दोष असन, मरू दे. तळेगावची लाइन जोडली तर काळ्यानं आपल्या मनानं तीच चिठ्ठी तिले लावली. लाइन चालू झाली, वर्ध्यापर्यंत पोचली. मी घरी येऊन जेवलो.

मंग निकेशचे फोन सुरू झाले. निकेश वर्ध्याले इसीजीच्या कॉम्प्युटरवर बसते. "प्रफुलभाऊ, तळेगावची लाइन पाहा बरं. सरळ रेघ येऊन राह्यली." तिथल्या नर्सच्या, सोनमच्या, मशीनवर ठोके बरोबर दिसत होते. वर्ध्याच्या स्क्रीनवर त्याच माणसाची सरळ रेघ. पेशंट होता लहानू मडावी, पायी चालत आलता. तो तिथं बसून हासे, म्हणे मी मेलो का मॅडम? दुसऱ्या दिवशी लहानू गेला. मी म्हणलं, म्हातारा माणूस, वय झालं होतं. मंग कांताबाईची रेघ सरळ आली. कांताबाई काही म्हातारी नव्हती. तीही दुसऱ्या दिवशी गेली.

निकेशनं हे सांगतलं तवा मी त्यालेच झापलं. उचलली जीभ अन् लावली टाळूले, म्हणलं, तू मशीन पाह्य, लाइनीत माणूस मरत नसते. फोन ठेवला तवा मले त्या पुसल्या न गेलेल्या ओळीची आठवण झाली. तरी मी जामले गेलो नाई. ऊन लय होतं.

त्याच हप्त्यात भर दुपारी निकेशचा परत फोन आला. मी म्हणलं, "बोल ना बे."

"भाऊ, तुमची माय दवाखान्यात आलती का तळेगावले?"

माही माय देवकाबाई तळेगावलेच राह्यते. वर्ध्याले ये म्हणलं का म्हणते, तुह्या घरात हवा नाई. मी निकेशले पुढं बोलूच देलं नाई, सरळ मायले फोन लावला. तिनं उचलला आन् मलेच बोलली, "काऊन रे, दुपारचा काऊन फोन करून राह्यला? चक्कर आलती जराशी. सोनमबाईनं वायरी लावल्या, लिंबूपाणी देलं. आता घरी जातो मी, म्हशीले पाणी दाखवाचं आहे."

"तिथंच बस," मी म्हणलं. "मी सांगतो तवर उठू नको."

"तुह्या बापानं कधी मले बस म्हणलं नाई," ती म्हणाली. पण बसली.

मी गाडी काढली. रस्ताभर माणूस दिसला नाई. जामच्या चौकात मात्र ट्रकवाले, रसवंत्या, हॉर्न, सारं जसंच्या तसं. आमची राउटरची टिनाची खोली चौकाच्या मागं आहे. चावी पुनाजीजवळ राह्यते, त्याची रसवंती आहे तिथंच. चावी देताना तो म्हणाला, "भाऊ, दुपारी आत नका जाऊ. ऊन उतरल्यावर जा."

"काऊन?"

"आत गार असते," तो म्हणाला.

मी हासलो असतो, पण खोली खरंच गार होती. वर टिन तापून वाजत होतं, आन् आत पाय ठेवला तर रानातल्या विहिरीत उतरल्यासारखं. खोलीत पंखा आहे, तो बंद होता. काळ्या राउटरच्या शेवटच्या पोर्टवर हिरवा दिवा लुकलुकत होता. केबल नव्हती. मी वाकून पाह्यलं, बोट लावून पाह्यलं. बोट बर्फाले लागल्यासारखं झालं. तळेगावची लाइन त्या रिकाम्या तोंडातून बाहेर पडत होती, कुठंतरी जात होती, आन् तिथून वर्ध्याले पोचत होती. मधात ती कुठं जात होती हे मले जन्मात कोणी सांगू शकणार नाई.

भेव लागलं का मले राग येते, असा माहा स्वभाव. लॅपटॉप जोडला, शिव्या देत बसलो. तळेगावच्या लाइनीले हातानं नवी चिठ्ठी देली आन् चांगल्या पोर्टवरून काढली. हिरवा दिवा इझला. सोनमले म्हणलं, मायचा इसीजी परत पाठव. वर्ध्यावरून निकेश वरडला, "आला भाऊ, ठोके आले, मस्त आहेत." मी तिथंच खाली बसलो आन् रडलो. लाज कशाची. माय फोनवर इचारत होती, आता जाऊ का म्हशीकडं? मी म्हणलं, जा माय, जा.

उठलो तर दिवा परत लागला होता.

इथं माही चूक झालती, आन् ते माह्या धंद्यातल्या माणसाकडूनच होईन अशी चूक. सारी जिंदगी निळ्या कंपनीवर काम केलं. निळ्यावर चिठ्ठी काढून घेतली का ती रिकामी राह्यते, आपण देऊ तवाच दुसऱ्याले लागते. काळ्याची रीत तशी नाई. तिथं रिकामी झालेली चिठ्ठी राउटर आपल्या हातानं पुढच्याले लावून देते, कोणाले इचारत नाई. मी स्क्रीन पाह्यली. ती ओळ आता पवनारच्या नावानं होती.

पवनारच्या शाखेत नर्स कोण आहे? दिपाली. माही बायको.

तिले फोन लावाच्या आत तिचाच आला. "अजी, लाइन गेलती इकडं. आत्ता आली. पेशंट कोणी नव्हता, म्हणून माह्याच अंगाले वायरी लावल्या आन् निकेशभाऊले पाठवला एक. आला का इचारा बरं."

फोनमध्ये निकेशचा दुसरा फोन वाजत होता. तो काऊन वाजून राह्यला हे मले उचलायच्या आधीच माहीत होतं.

राउटरच बंद करतो, म्हणलं. स्विच पाडला, तो बॅटरीवर चालला. बॅटरीची वायर ओढली, सारे दिवे गेले. एक नाई गेला. करंट नाई, केबल नाई, आन् तो हिरवा दिवा लुकलुकून राह्यला.

परत वायर लावली. राउटर चालू व्हाले वेळ घेते, तवर मी उभा होतो आन् खोलीतली गार हवा माह्या मानेवर येऊन राह्यली होती, कोणी मागून हळूच श्वास टाकावा तशी. मागं वळून पाह्यलं नाई. पवनारले हातानं चिठ्ठी देली. दिवा इझला. मी ओळीकडं डोळे लावून बसलो. पवनार पुसल्या गेलं, जागा थोडा वेळ कोरी राह्यली, आन् मंग तिथं तळेगाव आलं. मी हातानं देलेली चिठ्ठी राउटरनं काढून फेकली आन् आपली लावली. दिवा लागला.

लगेच सोनमचा फोन. "भाऊ, तुमची आई दवाखान्याच्या पायरीवरच बसली. परत चक्कर आली. झोपवलं मी. इसीजी काढू का?"

"काढू नको," मी म्हणलं. "मी सांगतो तवाच काढ."

आता समजलं. ते तोंड रिकामं राह्यत नाई. त्याले कोणीतरी लागते. या राउटरवर लाइनी दोनच, एकीच्या टोकाले माही माय, दुसरीच्या टोकाले माही बायको. मी इथून चिठ्ठी काढली का तिकडं लागते, तिकडून काढली का इकडं. असं रातभर, जलमभर करत बसलो तरी कोण्या ना कोण्या घडीले एकीच्या नावावर ती राह्यनच. मी देवाले शिव्या घातल्या, लिलाववाल्याले घातल्या, कंपनीले घातल्या. मंग थकलो. कोणाले इचारू? डॉक्टरले? निकेशले? ज्याचं जळते त्यालेच कळते.

तिसरी लाइन असती तर ती चिठ्ठी तिले लागली असती, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिसरी शाखा नाई. पण लाइन बांधाले शाखा कशाले पाह्यजे. लाइन बांधणं हेच तर माहं काम. माहा लॅपटॉप राउटरले जोडलाच होता. त्याच्यापासून वर्ध्यापर्यंत एक नवी लाइन टाकली. नाव मागतलं तर माहंच टाकलं. घाईत नाव चुकलं, परत टाकलं. चिठ्ठीची जागा कोरी ठेवली, म्हणजे राउटरनं आपल्या हातानं द्यावी. मंग तळेगावची काढली.

दिवा इझला. ओळ कोरी झाली. या वेळेस लय वेळ कोरी राह्यली. मले वाटलं, निवड करून राह्यलं का काय. मंग तिथं 'प्रफुल' आलं आन् दिवा लागला. खोलीतली थंडी एकदम माह्या अंगात गेली आन् खोली तापली. टिनाचं ऊन लागाले लागलं. कपाळावर घाम आला, पण आत छातीत थंडच.

मी सोनमले म्हणलं, काढ. दिपालीले म्हणलं, तूही अजून एक पाठव, जुना मोजू नको, लाइनीत गडबड होती. ती म्हणाली, तुमच्या लाइनीत नेहमीच गडबड. मंग मी तळेगाव, पवनार, दोन्ही नावं परत परत पाह्यली. हलली नाई. जिथं ठेवली तिथंच.

निकेशचा फोन आला. "भाऊ, दोघींचे एकदम चांगले आले. माह्या तर जिवात जीव आला. पण एक जामवरून पण आला. जामले आपली मशीन आहे का? पेशंटचं नाव नाई त्याच्यावर. सरळ रेघ आहे."

"ते टेस्टिंग होती," मी म्हणलं. "मीच केलती."

"मंग पुसून टाकू?"

"पुसून टाक."

खोलीले कुलूप लावून बाहेर आलो. पुनाजीनं मले न इचारता रसाचा गिलास पुढं केला. माह्या तोंडाकडं पाह्यलं. ऊन कलतं झालं होतं. हैदराबादकडचे ट्रक जाऊन राह्यले होते. मले भेव लागून राह्यलं होतं, खोटं काऊन बोलू. लहानू आन् कांताबाई दोघंही दुसऱ्या दिवशीच गेले होते. मायले फोन केला. ती म्हशीजवळ होती, चक्कर गेली म्हणे, आन् मलेच म्हणाली, उन्हातान्हात फिरू नको, टोपी घालत जा.

गाडीले चावी लावली तर दिपालीचा फोन आला.

"निघाले का? येताना वांगे आणजा. आन् उद्या डब्याले काय देऊ, आत्ताच सांगा. मंग सकाळी तोंड वाकडं करता."

"तुले वाटन ते दे," मी म्हणलं.

"अजी, तब्येत बरी आहे ना तुमची? आज डब्यावरून भांडले नाई."

"येऊन राह्यलो," मी म्हणलं. "घरी येऊन भांडतो."