स्वर्ग अडला अकराव्या पायरीवर

स्वर्गाच्या अकराव्या पायरीवर याव बारिमा एक पाय उचलून उभा राहिला, तो राहिलाच. मागचा देवदूत चौकोनी चौकोनी झाला, ढगांना हिरवे पट्टे पडले आणि पोकुआचा लॅपटॉप चुलीवर ठेवल्यासारखा तापून बंद पडला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा झालं होतं.

पोकुआ मांपोंग गावच्या बाजारात मयतीच्या फिल्मा करायची. माणूस गेला की त्याचे फोटो, लग्नाबारशातले तुकडे, चर्चमधलं एखादं गाणं असं सगळं जोडायचं आणि शनिवारी मंडपातल्या पडद्यावर दाखवायचं. पूर्वी एवढ्यावर भागत असे. शेवटी एक पांढरं कबुतर उडालं की बायका रडायच्या, कामाचं नाव व्हायचं. पण गेल्या वर्षी फ्रिंपोंगने चौकात दुकान टाकलं. त्याच्या काळ्या, जाडजूड लॅपटॉपच्या कळांखाली निळेजांभळे दिवे लागायचे, आणि त्याची मेलेली माणसं स्वर्गात स्वतःच्या पायांनी चालत जायची. चालताना त्यांच्या अंगावरच्या कापडाच्या चुण्यासुद्धा हलायच्या. एका म्हातारीने तर दाराशी पोचल्यावर मागे वळून हात हलवला, आणि मंडपात बसलेली तिची धाकटी बहीण जागच्या जागी बेशुद्ध पडली. त्या शनिवारपासून गावात नुसत्या कबुतरावर मरायला कुणी तयार नव्हतं.

नुकत्याच गेलेल्या याव बारिमाच्या घराण्यालाही जिनाच हवा होता. संगमरवरी, शंभर पायऱ्यांचा, दुतर्फा देवदूत.

"ग्राफिक्स कार्ड बदल," हा सल्ला पोकुआला चर्चच्या कर्णेवाल्याने दिला, केस विणणाऱ्या बाईने दिला, आणि ज्याला स्वतःचा फोन धड उघडता येत नव्हता त्या तिच्या मावसभावानेही दिला. खरं सांगायचं तर तिलाही ते हवंच होतं. कबुतरांचा तिला केव्हाच वीट आला होता. शेवटी लॅपटॉप काखेत मारून ती अदोमाकोकडे गेली. त्याच्या दुकानावर 'लॅपटॉपचे डॉक्टर' अशी पाटी होती.

"कार्ड ना? बदलू की!" अदोमाको म्हणाला. "अगं, हल्ली माणसांचे गुडघे बदलतात, कार्डाचं काय घेऊन बसलीस!"

त्याने स्क्रू काढले, झाकण उचललं, आत फुंकर मारली. धूळ उडून त्याच्याच डोळ्यांत गेली. मग त्याने कार्डाची कड बोटाने दोनदा चाचपून पाहिली.

"काय झालं?"

"हे खाचेत बसवलेलं नाही, बाई. बोर्डालाच डाख देऊन टाकलाय. दोघांचा एकच जीव. ओढलं तर दोन्ही जातील."

"मग मघाशी बदलू का म्हणालास?"

"मघाशी उघडलं नव्हतं."

"बाहेरून एक पेटी जोडतात म्हणे."

"जोडतात. तुझ्या मशीनला तेवढं भोक नाही. नवं मशीन घे, नाहीतर पायऱ्या कमी कर."

नव्या मशीनचा विचार करत ती घरी न जाता सरळ नाना दापांकडे गेली. नाना दापा म्हणजे यावच्या आईकडच्या घराण्याचे कर्ते पुरुष. मयत झाली की ती बायकामुलांची नसते, या घराण्याची असते. शवपेटीपासून स्वर्गापर्यंत सगळं नाना ठरवणार.

घराच्या फाटकावर यावचा मोठा फलक लागला होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'केवढा हा धक्का!' याव ऐंशीच्या पुढचा होता आणि तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. धक्का कुणाला बसला ते फलकावर नव्हतं. जन्मभर त्याने तामालेहून सुरणाचे ट्रक आणले. फलकावर तो 'वाहतूक उद्योजक' झाला होता. घराची रंगरंगोटी पुरी व्हायची होती, म्हणून दोन महिने तो शीतगृहात थांबला होता.

"दहा पायऱ्या?" नाना उखडले. "पोरी, दहा पायऱ्या आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहेत! फ्रिंपोंगने त्या मेन्सांच्या म्हातारीला साठ चढवल्या, आणि तिचा नवरा साधा शिपाई होता."

"नाना, माझं मशीनच चढत नाही."

"मग बैठक घेतली पाहिजे."

बैठक दुसऱ्या दिवशी अंगणात भरली. घराण्यातले पुरुष सुतकाची काळीतांबडी कापडं खांद्यावर टाकून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. हॅम्बर्गचा भाचा स्टीफन फोनवर होता. फोन एका उलट्या बादलीवर ठेवला होता. यावची विधवा दुफी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. ती घराण्यातली नव्हे, म्हणून तिला विचारायचा प्रश्नच नव्हता.

"हे कार्ड म्हणजे मतदानाचं का?" एका काकांनी विचारलं.

"तसं नाही, काका. चित्रं हलवणारं."

"मग आपल्याला हललेलं चित्र कशाला? स्थिरच चांगलं दिसतं."

"काका, तुम्ही झोपा बरं," दुसरा म्हणाला.

बादलीवरून स्टीफन ओरडला, "ऐका माझं! कमीत कमी सोळाची मेमरी हवी! त्याखाली काही घेऊ नका!"

"सोळा काय?" नानांनी विचारलं.

"सोळा! इथे सगळे सोळाच घेतात!"

"सोळा," नानांनी गंभीरपणे मान हलवली. सगळ्यांनी हलवली. इथून पुढे कुणीही बोललं की सोळाच्या खाली बोलेना.

एकाचं म्हणणं पडलं, याव ट्रकवाला, त्याला ट्रकमधूनच पाठवा. त्यावर नाना म्हणाले, ट्रक म्हटला की चौकीवर पोलीस थांबवणार, आणि स्वर्गाच्या वाटेवर ते शोभत नाही. मग मशीन कुणाच्या नावावर घ्यायचं यावर भांडण लागलं. अखेर असं ठरलं की लॅपटॉप घराणंच घेईल, पोकुआ तो फक्त वापरेल, आणि पुढे तो वडिलोपार्जित वस्तू म्हणून थोरल्या खोलीत, पूर्वजांचं आसन म्हणून पुजलेल्या स्टुलाशेजारी राहील. पुढची मयत कुणाची, हा विषय लगेच निघाला, तेव्हा सगळ्यांनी झोपलेल्या काकांकडे पाहिलं.

 पोकुआला दिवे लागणारं मशीन मिळत होतं, आणि मिळून ते तिचं होणार नव्हतं.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. "पायऱ्या किती म्हणालात?"

सगळे वळले. दुफी होती.

"शंभर, वहिनी," कुणीतरी म्हणालं.

"त्यांचे गुडघे?"

"गुडघ्यांचं काय?" नानांनी विचारलं.

"ट्रकचा क्लच दाबून दाबून गुडघे गेले होते त्यांचे," दुफी म्हणाली. "मागच्या दारची एक पायरी होती, ती उतरायची म्हणून ते परसात जायचे बंद झाले. कुमासीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून मी याच अंगणात आले होते. तेव्हाही बैठक झाली होती. तुमचा चहा निवायच्या आत संपली. म्हातारपणाचे गुडघे असेच असतात म्हणालात. आता त्यांना शंभर पायऱ्या चढवताय? जिवंतपणी एक उतरवली नाही कुणी."

बादलीवरच्या फोनचा पडदा विझला. स्टीफनने बहुतेक बंद केला असावा.

पोकुआला वाटलं, आता नाना उठतील, हात जोडतील, निदान मान तरी खाली घालतील. नानांनी घसा खाकरला. कापड खांद्यावर सारखं केलं.

"वहिनींचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "घराण्याने यावर विचार केलाच पाहिजे." त्यांनी विचार केला. "लिफ्ट बसवा."

"लिफ्ट?" पोकुआने विचारलं.

"स्वर्गाला. अक्राच्या मोठ्या हॉटेलात असते तशी. सोनेरी दारांची. फ्रिंपोंगच्या स्वर्गात लिफ्ट आहे का?"

"नाही, नाना."

"मग?"

खुर्च्यांमधून समाधानाचा हुंकार उठला. यावला लिफ्ट म्हणजे घराण्याची शान. दवाखान्याचा विषय त्या हुंकारात कुठल्या कुठे बुडाला. पोकुआ मात्र मनात हिशोब मांडत होती: माणूस हलायला नको. दारं दोन, सरळ सरकणारी. चुण्या नाहीत, पंख नाहीत, ढगसुद्धा नाहीत. तिचा म्हातारा लॅपटॉप एवढं हसत हसत करणार होता.

"आणि नवं मशीन?" एकाने विचारलं.

"लागणार नाही," ती म्हणाली. हे शब्द तोंडातून जाताना तिला थोडं दुखलं. निळेजांभळे दिवे क्षणभर डोळ्यांपुढे लागून विझले.

निघताना दुफीने तिला फाटकाशी गाठलं. "पोरी, त्या लिफ्टीत एक खुर्ची ठेवशील?"

"ठेवते, आई. कसली?"

"त्यांना बसता येईल अशी. हाताची."

शनिवारी मंडपात जागा नव्हती. पडद्यावर सोनेरी दारं उघडली. आत याव, पांढऱ्या कापडात, हाताच्या खुर्चीत ऐसपैस बसलेला. पाय पुढे पसरलेले. तो फोटो पोकुआने दुफीच्या पेटीतून मिळवला होता. त्यात याव फोटो काढणाऱ्यालाच काहीतरी चेष्टेने म्हणत असावा असं त्याचं तोंड होतं. दारं हळूहळू मिटली. वरच्या दिव्याचा बाण वर, वर, आणखी वर गेला. मंडपाच्या कडेला उभे असलेले जुने ट्रकवाले एकदम ओरडले, "जाऊ दे वर!" आणि रस्त्यावर लावलेल्या त्यांच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले. बायका रडता रडता हसल्या. नाना दापा पाहुण्यांना सांगत होते की कल्पना घराण्याची आहे.

सोमवारी पोकुआच्या दुकानापुढे तीन घराणी येऊन बसली. एकाला लिफ्ट हवी होती, दुसऱ्याला याव बारिमापेक्षा वरच्या मजल्यावर जाणारी लिफ्ट हवी होती. तिसऱ्यांचे वडील जन्मात कधी लिफ्टमध्ये चढले नव्हते, तर ते घाबरतील का, असा त्यांचा प्रश्न होता. फ्रिंपोंग समोरून दोनदा जाऊन पाहून गेला.

दुपारी दुफी आली. गर्दी पाहून ती बाहेरच थांबली. पोकुआ सगळ्यांना तसंच ठेवून तिच्याकडे गेली.

"एक विचारायचं होतं," दुफी म्हणाली. "दारं मिटल्यावर पुढे काय होतं गं?"

पोकुआ खरं तेच बोलली. "पुढचं मी केलंच नाही, आई. मशीनला जमलं नसतं."

दुफीने थोडा विचार केला. "बरं झालं," ती म्हणाली. "वर पोचले की त्यांना लगेच चहा लागणार, आणि तो काही तुझ्या हातचा आवडला नसता."

ती हसली, तशी पोकुआही हसली. मग दोघी शेजारच्या टपरीवर केंकीचे आंबट मक्याचे उंडे आणि तळलेला मासा खायला गेल्या. आत तिन्ही घराणी मजल्यांवरून भांडत होती.