केंकीत लपलेला कप्तान

मी कप्तान बोलतोय. घाबरू नका, माझी उंची तुमच्या मधल्या बोटाएवढीच आहे. खरं सांगायचं तर या हकिकतीत सगळ्यात जास्त घाबरलेला मीच होतो.

माझा जन्म आक्रा शहरात, समुद्राकाठच्या वस्तीत, लांतेईच्या फोटो स्टुडिओत झाला. त्याने फळांच्या खोक्याची फळी तासून माझं धड केलं, तारेचे हात लावले आणि पोट जरा जास्तच मोठं ठेवलं. पोटामुळे माझा तोल जाई, म्हणून झाडूच्या काडीची एक काठी हातात दिली. ती काठी आमच्या जिवावर उठेल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

लांतेई परातीत पाणी ओतायचा, बाजूला वाळू रचायचा, आम्हा बाहुल्यांना उभं करायचा आणि पोटावर झोपून फोटो काढायचा. फोटोत ती परात खवळलेला दर्या होई आणि मी गावं लुटणारा दर्यावरचा दरोडेखोर. दर शनिवारी नवे फोटो दारातल्या फळ्यावर लागत, प्रत्येकाखाली दोन-चार ओळी. माणसं मान उंचावून वाचत आणि मला शिव्या घालत.

"लांतेई, या ढेरपोट्याला बुडवतोस कधी?"

"थांबा की, आत्ता कुठे त्याने पहिलं गाव लुटलंय."

ते दिवस फौजी राजवटीचे होते. आमच्या भागातल्या अधिकाऱ्याचं पोट सुटलेलं होतं आणि तो काठीशिवाय कुठे जात नसे. एका शनिवारी त्याची जीप फळ्यासमोर थांबली. त्याने सगळे फोटो सावकाश वाचले.

"हा काठीवाला कोण?"

"गोष्टीतला आहे, साहेब. काठीशिवाय त्याला उभं राहता येत नाही," लांतेई म्हणाला. ते अगदी खरं होतं; पण गर्दीतली एक मासळीवाली फिसकन हसली आणि तेवढ्यावर सगळं बिनसलं. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग लांतेईकडे, आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

लांतेईची थोरली बहीण देदेई शेजारीच केंकी विकायची. मक्याचं आंबवलेलं पीठ, त्याचे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले गोळे. ती म्हणाली, "फळा काढ. आत्ताच्या आत्ता."

फळा उतरला, पण लोकांना चैन पडेना. मग देदेईच विश्वासातल्या गिऱ्हाइकांच्या केंकीत, वरच्या पानाखाली फोटो सरकवू लागली. वाचून झाला की तो शेजारच्या घरी जाई, तिथून पुढच्या गल्लीत. असा मी घरोघर फिरलो. कुणीतरी चुगली केलीच.

एका दुपारी लांतेई धावत आला. "ताई, जीप." त्याने मला तिच्या हातात कोंबलं आणि मागची भिंत चढून होड्यांकडे पळाला. देदेईने एक गरम गोळा फोडला, मला आत दाबलं, वर पान गुंडाळलं.

आत मिट्ट काळोख आणि आंबूस वाफ. बूट वाजले. स्टुडिओत काचा फुटल्या. मग कॅमेरा आपटल्याचा आवाज आला, तो मी ओळखला. तेवढ्यात एक जवान हंड्यापाशी आला.

"मावशी, भाऊ कुठाय तुझा?"

"मला विचारून जातो होय तो?"

"बरं, भूक लागलीय. मासा दे, मिरची जास्त घाल. आणि तो वरचा गोळा."

"तो नको, कालचा आहे. फार आंबलाय."

"केंकी आंबटच असते, मावशी."

त्याने स्वतःच गोळा उचलला, पान सोडलं आणि फोडला. माझ्या तोंडावर ऊन पडलं. त्याचे डोळे माझ्यापासून वीतभरही लांब नव्हते. देदेई माशावर मिरची वाढतच राहिली.

"काही सापडलं का रे?" मागून अधिकाऱ्याचा आवाज.

जवानाने अंगठ्याने पीठ माझ्यावर दाबलं. "नाही साहेब. जेवतोय." मग खाली वाकून हळूच विचारलं, "मावशी, कप्तान शेवटी बुडतो का?"

ती पुटपुटली, "अजून ठरलं नाही."

त्याने पान नीट गुंडाळलं, गोळा हंड्याच्या तळाशी ठेवला आणि गेला.

लांतेई होडीतून सरहद्दीपलीकडे लोमेला पोचल्याचा निरोप कोळ्यांनी आणला. तो जवान मात्र पुन्हा दिसला नाही. देदेईने दुसऱ्या एका जवानाला विचारलं, "तो उंच पोरगा, जास्त मिरची मागणारा, कुठे असतो?" तो म्हणाला, "असल्या चौकशा करू नकोस, बाई." पुढे राजवट गेली, तरी त्याचा पत्ता लागला नाही.

लांतेई परतला तेव्हा त्याचे केस पिकले होते. आल्या आल्या त्याने परात मांडली. शेवटचा भाग राहिला होता ना. देदेईने मला उचलून घेतलं. "आधी त्या पोराचं काय झालं ते कळू दे."

तेव्हापासून मी तिच्या चुलीजवळच्या फळीवर आहे. उंच माणूस गिऱ्हाईक म्हणून आला की ती निरखून बघते, मीही बघतो. तो नसतो. मनात जे येतं, ते आम्ही दोघंही पुढे जाऊ देत नाही.

तो तुम्हाला कुठे भेटला तर एवढंच कळवा, की तो आहे. मग मला खुशाल बुडवा. मी हूं की चूं करणार नाही.