आवडलं आणि खूप आवडलं

शिजलेली आळी थेट भाताच्या शितासारखी दिसते. फरक एवढाच की तिला डोकं असतं. हे ज्ञान मला किनवटच्या पलीकडं, जंगलातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मिळालं. तिथं मी कंत्राटी संगणक शिक्षिका होते. गाव माझं उमरी, नाव पंचशीला, आणि स्वभाव कसा ते पुढं कळेलच. अजूनही ताटात वरणभात आला की मी आधी बोटानं चाचपून बघते. घरचे हसतात. हसू देत.

वसतिगृहाच्या जेवणघरात दारापाशी एक टेबल होतं आणि टेबलावर संगणक. जेवून ताट धुतलं की प्रत्येक मुलीनं तिथं यायचं, पडद्यावर आपलं नाव निवडायचं आणि आजचं जेवण कसं होतं ते माउस दाबून सांगायचं. दाबल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हा गृहपाल नरसिंग सरांचा नियम. पहिल्यांदा पडद्यावर पाच चेहरे होते, खदखदून हसणाऱ्यापासून भोकाड पसरणाऱ्यापर्यंत. रडका चेहरा दाबला की खाली चित्रं यायची. आळी, खडा, कच्ची पोळी, आंबलेलं वरण. त्यातलं एक दाबायचं. जिला धड वाचता येत नव्हतं ती पोरगीसुद्धा बरोबर दाबायची.

मला ते सॉफ्टवेअर मनापासून आवडलं होतं. कारण त्याला दात होते. ठेकेदाराच्या करारातच लिहिलेलं होतं की वर्षअखेरच्या तपासणीत निम्म्याहून जास्त मुली नाराज दिसल्या तर त्याचा ठेका रद्द. तेव्हा नवा ठेकेदार येणार की हाच माणूस पुढची तीन वर्षं पोरींना किडके तांदूळ घालणार, हे त्या टेबलावर ठरणार होतं. आणि पोरी ठरवून राहिल्या होत्या. रोज रडक्या चेहऱ्यांचा नुसता पूर यायचा. नरसिंग सरांच्या ऑफिसातल्या आलेखाची रेघ तळाला जाऊन बसली होती.

नरसिंग सर हा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो वाईटापेक्षा घाणेरडं काहीतरी होता. कुणाशी वाकडं नको म्हणून तो कशालाही हो म्हणायचा. ठेकेदारानं डोळे वटारले आणि सरांनी लातूरला फोन लावला. दोन दिवसांत सॉफ्टवेअर बनवणारा उमाशंकर हजर झाला. पांढरे बूट, अंगाला अत्तराचा भपकारा, आणि हातात घरून आणलेला डबा. त्यानं तो डबा ऑफिसचं दार लावून खाल्ला. मला तिथंच त्याची शिसारी आली. ज्या जेवणाबद्दल मुलींनी काय बोलावं हे हा ठरवायला आला होता, त्या जेवणाचं एक शीतही त्यानं तोंडात घातलं नाही.

जेवून झाल्यावर तो मुली कशा दाबतात ते बघायला टेबलामागं उभा राहिला. त्याच वेळी अंजू आली. सातवीतली पोरगी, अबोल, पण डोळ्यांनी सगळं टिपणारी. तिनं रडका चेहरा दाबला आणि चित्रांपुढं थांबली. बाण आळीवर न्यायची, परत वरणावर आणायची, परत आळीवर.

"बघा मॅडम," उमाशंकर मला म्हणाला, "गोंधळली की नाही?"

"अंजू, काय झालं गं?" मी विचारलं.

"भातात आळी हाय मॅडम, अन् वरण बी आंबलंय," ती म्हणाली. "एकच दाबू देऊन राहिलंय."

"ऐकलंत?" मी त्याला म्हणाले. "ती गोंधळलेली नाही. तुमचं यंत्र अपुरं पडतंय. दोन चित्रं दाबता येतील असं करा."

"मॅडम, तुम्ही समजून घ्या." तो हसला. लहान पोराला समजावताना हसतात तसा. "नवीन माणसापुढं जास्त पर्याय ठेवले की त्याला ताण येतो. आमच्या क्षेत्रात हे सगळ्यांना माहीत आहे. आधी थोडे पर्याय द्यायचे, सवय झाली की वाढवायचे. ही खेड्यापाड्यातली लेकरं. यांना सोपं करून दिलं पाहिजे."

आणि त्यानं सोपं करून दिलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर दोन चेहरे होते. एक हसरा, त्याखाली 'आवडलं'. दुसरा जास्त हसरा, त्याखाली 'खूप आवडलं'. चित्रं गायब. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'नवीन वापरकर्ता'.

मी आधी हसले. खरंच हसले. मला वाटलं अजून काम चालू आहे, बाकीचे चेहरे जेवणानंतर येतील. मग उमाशंकर बॅग भरायला लागला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"न आवडलेलं कुठं दाबायचं?"

"ते पूर्ण स्क्रीनमध्ये आहे ना. काहीच काढलेलं नाही मॅडम, फक्त मागं ठेवलंय. मुलगी सरावली की गृहपाल सर पासवर्ड टाकून तिला पूर्ण स्क्रीन देतील."

"अंजूचं तिसरं वर्ष आहे इथं. ती नवीन कशी?"

"या स्क्रीनला तर सगळेच नवीन आहेत," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

मी तशीच नरसिंग सरांकडं गेले. ते खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. मी म्हणाले, "सर, पासवर्ड टाका. सगळ्या मुलींना पूर्ण स्क्रीन द्या."

"हाव, देऊ की."

"कधी?"

"तपासणी हून जाऊ द्या. आत्ता कशाला लेकरायला ताण द्यायचा?" त्यांनी सुपारीचं खांड माझ्यापुढं केलं. "घ्या मॅडम. तुम्ही लई मनाला लावून घेता."

मी त्या दिवशी जेवले नाही. खोटं कशाला सांगू, तसंही ते जेवण घशाखाली जात नव्हतं. पण आता त्या वासापेक्षा त्या दोन हसऱ्या तोंडांनीच मला मळमळायचं. पोरी ताट धुवून यायच्या, नाक मुरडलेलं, एखादीच्या डोळ्यात पाणी, आणि बोटाखाली 'आवडलं'. पहिले काही दिवस त्या थांबायच्या, माझ्याकडं बघायच्या. मागून नरसिंग सर ओरडायचे, "चला, दाबा, दाबा." मग थांबणं बंद झालं. 'खूप आवडलं' दाराच्या बाजूला होतं, म्हणून हात आपोआप तिकडं जायचा. ऑफिसातली रेघ वर चढून छताला टेकली. ठेकेदारानं त्या आनंदात पेढे वाटले. पेढे मात्र ताजे होते.

त्याच महिन्यात अंजूला उलट्या सुरू झाल्या. खाल्लेलं पोटात टिकेना. मी तिला दवाखान्यात नेलं, माझ्या खोलीवर मऊ खिचडी करून घातली. ती खाता खाता म्हणाली, "मॅडम, तपासणीवाला साहेब येणार हाय म्हणं. त्याला सांगू का?"

"सांगायचं नाही," मी म्हणाले. "त्याला खायला घालायचं."

तपासणीच्या दिवशी साहेबांसाठी वेगळा स्वयंपाक झाला होता. पनीर, शिरा, तुपाचा वास अंगणापर्यंत. साहेब आले, साधे वाटले, बोलणं हळू, चेहऱ्यावर थकवा. सगळे त्यांना ऑफिसकडं नेत असताना मी जेवणघरातून मुलींचं एक ताट वाढून आणलं आणि वाटेतच त्यांच्या हातात दिलं.

"सर, नियमाप्रमाणं तपासणी अधिकाऱ्यानं मुलींच्या पंगतीत बसून जेवायचं असतं. चला."

नरसिंग सर मधे पडायला बघत होते, पण साहेब म्हणाले, "बरोबर आहे मॅडमचं." आणि ते खरंच पोरींच्या रांगेत मांडी घालून बसले. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी वरणभाताचा पहिला घास घेतला. चावता चावता थांबले. हळूच रुमाल तोंडाला लावला आणि घास त्यात काढला. मग ताटातला भात बोटानं पसरून पाहिला. त्यांना डोकं दिसलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"हे रोज असतं?" त्यांनी शेजारच्या पोरीला विचारलं. ती अंजू होती.

"हाव," अंजू म्हणाली.

साहेब उठले. "हे चालणार नाही," ते म्हणाले. अगदी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी याची नोंद करतो. कुठं करायची?"

नरसिंग सरांना घाम फुटला होता. त्यांनी बोटानं दारापाशचं टेबल दाखवलं. साहेब संगणकापुढं गेले, आपलं नाव आणि हुद्दा टाकला. संगणकानं त्यांना ओळखलं नाही. ते नवीन होते. पडद्यावर दोन चेहरे आले.

साहेबांनी बाण इकडं नेला, तिकडं नेला, खाली नेला, पडद्याच्या चारी कडांना फिरवून आणला. "मॅडम, दुसरं काही?"

"नाही सर. नवीन माणसाला ताण नको म्हणून काढलंय. गृहपाल सरांकडं पासवर्ड आहे."

"ते लातूरवाल्यालाच ठाऊक हाय साहेब," नरसिंग सर घाईनं म्हणाले. हे धादांत खोटं होतं आणि मी तसं म्हणाले. साहेबांनी आमच्या दोघांकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. त्यांना अजून अर्धापूरला पोचायचं होतं.

मी पर्समधून कोरा कागद आणि पेन काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "सर, तुम्ही इथं लिहा. आत्ता जे बोललात तेवढंच लिहा."

"कागद वर कुणी घेत नाही हो मॅडम," ते म्हणाले. "सिस्टीममध्ये असेल तेवढंच धरतात."

आणि त्यांनी 'आवडलं' दाबलं.

मग ते माझ्याकडं वळले आणि आवाज खाली आणून, जणू मोठं धाडस केल्यासारखं म्हणाले, "मी 'खूप आवडलं' नाही दाबलं. समजणाऱ्याला समजेल."

मी आयुष्यात बरीच घाण पाहिली आहे. पण तोंडातली आळी रुमालात बांधून, ती खिशात ठेवून, 'आवडलं' दाबणाऱ्या माणसाची जी किळस आली ती मला कशाचीच आली नाही. निदान उमाशंकरनं ती चव घेतली नव्हती. यानं घेतली होती. साहेबांनी हात धुतले, शिरा नको म्हणाले आणि गाडी निघून गेली. ठेका राहिला.

पोरी ताटं धुवून दारापाशी रांगेत उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी टेबलाखाली वाकले आणि संगणकाची वायर उपसून काढली. पडदा काळा झाला.

"मॅडम, हे काय करून राहिल्या?" नरसिंग सर ओरडले. "पोरी भाईर कशा जातील आता?"

"पायानं जातील," मी म्हणाले. "दार उघडं आहे. जा गं पोरींनो. आजपासून कुणी काही दाबायचं नाही. जा."

कुणी हललं नाही. रांगेत पहिली अंजू होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, नरसिंग सरांकडं पाहिलं. मग ती टेबलाजवळ आली, काळ्या पडद्यापुढं माउस दाराच्या बाजूला सरकवला, दाबला आणि बाहेर गेली.

तिच्या मागच्या पोरीनं माउसवर हात ठेवला.