बाजारबाबा आणि बटणांचा डबा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, पायऱ्या भरल्या, तरी लोक दारातून माना खुपसत होते. व्यासपीठावर बाजारबाबा लॅपटॉपवर हात ठेवून, डोळे मिटून बसलेले. जणू शेअर बाजार स्वतः येऊन त्यांच्या कानात कुजबुजत होता!

"म्युच्युअल फंडवाले काय म्हणतात? भाव वर जाईल, खाली जाईल, हमी मागू नका! अरे, मग पैसे कशाला घेता?" हशा, टाळ्या. "माझ्या फंडाला खाली जाणं माहीतच नाही. पाच आठवडे झाले, दर आठवड्याला आधीच कळवलं, बाजार वर की खाली. एकदा तरी चुकलो?"

"नाही!" सगळं सभागृह ओरडलं.

शिवणकाम करणारी ताईही घसा बसेपर्यंत ओरडली. तिच्या मोबाइलवर आलेले पाचही निरोप खरे ठरले होते. शिवाय बाबांची ताकीद होती, निरोप कोणाला दाखवलात तर विद्या आटेल. ताईनं नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. जिन्याखालच्या कोपऱ्यात मान मोडून शिवताना, स्वतःच्या दुकानासाठी तिनं म्युच्युअल फंडात पुंजी साठवली होती. ती मोडायची आणि बाबांच्या हवाली करायची, असं तिनं ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिची शिक्षिका वहिनी फाटकी पिशवी घेऊन आली. ताईला राहवेना. "वहिनी, कोणाला सांगू नकोस, पण बाजारबाबा पोचलेले आहेत गं!"

"तो? मला दोनदा बरोबर सांगितलं, तिसऱ्यांदा तोंडावर आपटला. मग निरोपच बंद."

"तू कोणाला दाखवला असशील."

"डोंबल माझं!" वहिनीनं बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. "ही माणसं समज. निम्म्यांना कळवायचं, बाजार वर जाणार. निम्म्यांना, खाली जाणार. समजा वर गेला. मग हा दुसरा ढीग विसरायचा." तिनं तो डब्यात लोटला. "उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग." डबा खळखळत राहिला. शेवटी चिमूटभर बटणं उरली. "आता यांना विचार, बाबा कधी चुकले का?"

ताईला आधी लाज वाटली, मग संताप आला. तरी शंका होतीच. "पण माझा फंड मागच्या महिन्यात खाली गेला ना!"

"जाणारच. तुझ्यासारख्या हजारोंचे पैसे एकत्र करून ते कितीतरी कंपन्यांत थोडे थोडे लावतात. तुझ्या वाट्याला येतात ती युनिटं. कंपन्यांचे भाव हलले की युनिटचा भाव हलतो. उद्या काय होणार, हे त्यांनाही कळत नाही. म्हणून तर सगळं एकाच कंपनीत घालत नाहीत. दुकान लगेच घ्यायचं असेल तर पैसे बँकेत ठेव. पाच-सात वर्षं थांबणार असशील, तर राहू दे तिथंच."

पुढच्या सभेत ताई उभी राहिली. "मंडळी, आत्ता घरी, शेजारी फोन लावा. विचारा, बाबांचा निरोप तुम्हाला आला होता का, आणि बंद कधी पडला?"

"विद्या आटेल!" बाबा किंचाळले. पण फोन लागले होते.

"अहो, माझ्या सासूबाईंना उलटा निरोप!"

"भावाला दुसऱ्याच आठवड्यात सोडलं!"

बाबांचे डोळे टक्क उघडले. बाजाराचं सोडा, मागचं दार कुठे आहे हे मात्र त्यांना अचूक ठाऊक होतं. तिथं दोन पोरसवदा हवालदार आधीच उभे होते. वहिनीनंच बोलावलेले.

घरी येऊन ताईनं फंडाचा भाव पाहिला. थोडा उतरला होता. "उतरला मेला," ती वहिनीला म्हणाली, "पण तोंड लपवत तरी नाही!"

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, कोणी कधीच न चुकणारा भेटला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: डब्यात लोटलेली बटणं कुठे आहेत?