हापशीचं साधं पाणी

अकोल्याच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणातून मी दर्यापूरला परतलो, तो थेट ध्रुवतज्ज्ञ होऊनच. अंटार्क्टिकाचं संशोधन शाळेच्या वर्गात कसं न्यायचं, ते शिकून आलो होतो. बायको, आरती, म्हणाली, "तज्ज्ञसाहेब, आधी आपल्या फ्रीजरातला बर्फ काढा. दार लागून नाही राहिलं." तो अपमान मी विज्ञानासाठी गिळला.

शाळेत मात्र गंमत नव्हती. जिल्ह्यातली एकच शाळा अंटार्क्टिकातल्या शास्त्रज्ञांशी व्हिडिओवर बोलणार होती. ती निवडायला प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या सुभद्रा मॅडम माझा प्रयोग बघायला येणार होत्या. सातवीच्या पोरांनी महिनाभर प्रश्न लिहून ठेवले होते. एकट्या कहकशाँचेच सव्वीस होते.

प्रयोग सोपा. एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ कालवलेलं, दोन्हींत बर्फाचा एकेक खडा. साध्या पाण्यात खडा लवकर वितळतो. खाऱ्यात वितळलेलं गार पाणी वरच तरंगत राहतं, म्हणून तो रेंगाळतो. अकोल्यात बाटलीच्या पाण्यावर हा प्रयोग झकास जमला होता. शाळेत एकदा करून बघावा, असं काही मला वाटलं नाही. तज्ज्ञ माणूस कशाला तालीम करतो?

मॅडम आल्या. मी हापशीचं पाणी भरलं, एकात मीठ कालवलं, बर्फ सोडला आणि समुद्रप्रवाहांवर दहा मिनिटं तारे तोडले. मग ग्लासांकडे पाहिलं. दोन्ही खडे सारखेच, जागच्या जागी.

"गोळेवाल्याचा बर्फ आहे," मी म्हणालो, "काहीतरी भेसळ असेल." बिचारा गोळेवाला! मॅडम घड्याळ बघू लागल्या. पोरांचे सगळे प्रश्न माझ्या शहाणपणापायी वाया जाणार होते.

कहकशाँ उठली. "सर, साधं पानी कुठलं घेतलं?"

"हापशीचं."

"ते तं खारं हाय ना, सर! अम्मी त्याच्यात दाळ बी लावत नाही. शिजतच नाही."

तिनं आपल्या बाटलीतलं आरओचं पाणी तिसऱ्या ग्लासात ओतलं, नवा खडा सोडला. बघता बघता तो वितळून गेला. आधीचे दोन्ही अजून तरंगतच होते.

सुभद्रा मॅडम पहिल्यांदा हसल्या. "ही मुलगी बोलेल अंटार्क्टिकाशी. तुमची शाळा ठरली." पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. मलाही ओरडावंसं वाटलं, इतका आनंद झाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच. खारपाणपट्ट्यातला. जन्म याच पाण्यावर गेला."

"मग हे पाणी कधी खारं लागलं नाही?"

आता तज्ज्ञाची भाषा आठवेना.

"मॅडम," मी म्हणालो, "आमाले तं अकोल्याचंच पानी अळणी लागते."