ई-चार म्हणजे जावयाला चहा

“तीन! तीन वाजता काहीतरी आहे म्हणतेय ती,” मेहुणा म्हणाला.

“तीन कधीच वाजून गेले. ती तीन मुलं म्हणतेय,” माझी बायको म्हणाली.

“अगं, पण आपण तर दोघंच.”

मग बहीणभावांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू तिसरा आत्ता बॅग घेऊन दारात उभा राहणार. दारात उभा होतो मी. खांद्याला हत्यारांची पिशवी, सरळ कामावरून आलेला.

समोर पलंगावर उशांचा डोंगर, आणि डोंगरावर माझ्या सासूबाई. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. ज्या बाईचा आवाज जिन्यात ऐकू आला की पाहुणे आपापल्या चपला शोधायला लागायचे, ती बाई आता डाव्या हाताची तीन बोटं हवेत धरून बसली होती. हनुवटीवर मऊ भात ओघळलेला. तसाच भात मेहुण्याच्या शर्टावरही होता, कारण शेवटचा घास आईने त्याच्यावरच थुंकला होता.

“सकाळपासून हेच चाललंय, भाऊजी,” मेहुणा मला म्हणाला. “दोन घास घेते आणि थुंकते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल.”

नळी हा शब्द ऐकताच सासूबाईंच्या डोळ्यांत असा अंगार पेटला, की मी पलंगापर्यंत गेलो असतो तर माझ्या भुवया गेल्या असत्या.

“तिच्यासमोर कशाला बोलतोस?” बायको म्हणाली.

“अगं, तिला आता कळतंय कुठे?” तो म्हणाला आणि पुन्हा आईकडे वळून, बहिऱ्या बाळाशी बोलावं तसा ओरडला, “आईऽऽ, हांऽऽ कर! शहाणी ना तू?”

शहाणी! आमच्या सासूबाई! मी तोंडावर हात ठेवला. हसू आलं म्हणून नाही, पण ठेवला.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली. मग माझ्यावर. मग पुन्हा पिशवीवर. आणि ती तीन बोटं माझ्याकडे वळली.

इथे जरा मागे जावं लागेल. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. लोक मला चक्रम म्हणतात. काहीजण मशीनच्या चक्रामुळे म्हणतात, बाकीचे मला ओळखतात म्हणून. मशीन बिचारं मुकं असतं. बिघडलं की थांबतं, पी-पी करतं आणि छोट्याशा खिडकीत एक अक्षर आणि एक आकडा दाखवतं. दर कंपनीची भाषा वेगळी. एकीचा ई-दोन तो दुसरीचा ई-पाच. सासूबाईंच्या मशीनची भाषा अशी होती: ई-एक म्हणजे पाणी येत नाही. ई-दोन म्हणजे पाणी जात नाही. ई-तीन म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत, टब झुकलाय. ई-चार म्हणजे दार नीट लागलेलं नाही. हे सगळं मशीनबरोबरच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक कुणी वाचत नाही, आणि त्या कृपेवर आमची चूल पेटते.

सासूबाईही वाचत नसत. फोन करत.

“जावईबुवा, ई-तीन आलंय! मशीन न्हाणीघरभर नाचतंय!”

“आई, ई-तीन म्हणजे पक्षपात. घरात कुणीतरी एका बाजूला झुकतंय. लेकाला जास्त वाढता का?”

“काहीतरीच! मी दोघांना सारखंच वाढते.”

“मशीन खोटं बोलत नाही, आई.”

मग मी सांगितलं, ती एकटी जाड चादर गोळा झाली असेल, सोडवून पसरा. मशीन चालू झालं. पण त्या आठवड्यात माझी बायको माहेरी गेली, तर तिच्या पानात आग्रहाने वाढलं गेलं. बायको खूश. जावई त्याहून खूश.

ई-चारची गंमत याहून भारी. मी गंभीर चेहरा करून सांगितलं, “ई-चार म्हणजे जावयाला चहा मिळालेला नाही.” त्या हसल्या. पण चहा आला. मी तो निवांत प्यायलो, आणि त्या कप उचलायला वळल्या तेव्हा कोपराने मशीनचं दार हळूच दाबलं. टक्! मशीन सुरू. सासूबाई कपाकडे बघतायत, मशीनकडे बघतायत. पुढचे कितीतरी महिने मला त्या घरात आलं घातलेला चहा मिळाला. शेजारणीलाही त्यांनी हा उपाय सांगितला. शेजारणीने तिच्या जावयाला तीन कप पाजले तरी तिचं मशीन ढिम्म हललं नाही, तेव्हा आमचं बिंग फुटलं.

रागावल्या असतील असं वाटलं ना? छे. त्यांनी चष्मा लावला, मशीनचं पुस्तक शोधून काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग काही दिवसांनी फोन.

“जावईबुवा, ई-नऊ आलंय.”

ई-नऊ? ऐकलंच नव्हतं कधी. पण धंद्याचा अभिमान असतो माणसाला. गेलो. मागचा पत्रा उघडला, पट्टा बघितला, पंप काढून धुतला, मोटारीच्या वायरी तपासल्या. गुडघे सोलवटले. सासूबाई स्टुलावर बसून बिस्किट खात होत्या.

“सापडलं?”

“नाही हो आई. ई-नऊ म्हणजे काय तेच कळत नाहीये.”

“मला माहितीय.” बिस्किट संपवलं, पदराने तोंड पुसलं. “ई-नऊ म्हणजे सासूला करमत नव्हतं.”

आणि वर विचारतात, “तुम्हाला ई-चार झालंय का? टाकते.”

तेव्हापासून ती आमची भाषा झाली. घरातल्या बाकीच्यांना तो चावटपणा वाटायचा. बायको म्हणायची, “तुम्ही दोघं ना, एका माळेचे मणी.”

तर अशी ती तीन बोटं माझ्याकडे वळलेली. माझी ट्यूब पेटली, पण चुकीची.

“अरे, ई-तीन म्हणतायत त्या!” मी मेहुण्याला म्हणालो. “पक्षपात! लेका, तू बायकोकडे झुकलायस.”

“भाऊजी, ही वेळ आहे का?”

सासूबाईंनी डोळे मिटले. मूर्खाला समजावण्याआधी माणूस जसे मिटतो, तसे. मग उघडले आणि तीच तीन बोटं पलंगाच्या कठड्यावर आपटली. धड. धड. धड. न्हाणीघरात नाचणाऱ्या मशीनचा आवाज.

म्हणजे थट्टेतला ई-तीन नाही. पुस्तकातला.

आमच्या धंद्यात एक गोष्ट मार खाऊन शिकावी लागते. कोड आला म्हणजे रोग कळला असं नव्हे. मशीन फक्त एवढंच सांगतं, की मी इथे अडलोय. का अडलोय ते गुडघे टेकून बघावं लागतं. पिशवी खाली ठेवली आणि पलंगापाशी गुडघे टेकले.

खालून बघितलं तेव्हा दिसलं. उशांचा डोंगर ढासळला होता आणि सासूबाई त्याच्याबरोबर उजवीकडे कलल्या होत्या. मेहुण्याची खुर्चीही उजवीकडेच, कारण डावीकडे औषधांचं टेबल. तो बिचारा प्रेमाने भरवत होता, पण ज्या बाजूला काहीच कळत नाही त्याच बाजूने.

“आई,” मी हळू विचारलं, “घास एका बाजूला गोळा होतोय का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तीन बोटं एकेक करून मिटली.

कोड गेला.

शुश्रूषेला येणाऱ्या सिस्टर तेवढ्यात पाण्याचं घमेलं भरून आल्या होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी हातमोजा घातला, सासूबाईंचा उजवा गाल अलगद उघडला आणि भाताचा गोळा बाहेर काढला. सकाळचाही त्यातच होता.

“अगंबाई! गालातच साठत होतं की. आणि त्या बाजूला यांना काही कळत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “गिळणार कशा? घुसमटत असतील. सरळ बसवा आधी. छोटा घास, डाव्या बाजूने. एक गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि मधूनमधून गाल बघायचा.”

औषधांचं टेबल हललं, खुर्ची डावीकडे आली. डुगडुगत्या मशीनच्या पायाखाली मी पुठ्ठा सारतो, तशी चादरीची घडी करून त्यांच्या उजव्या कुशीला लावली. मग पिशवीतून लेव्हलची पट्टी काढली आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर आडवी धरली.

“अहो!” बायको ओरडली. “आई आहे ती! फरशी आहे का?”

“थांब गं. बुडबुडा अजून मधे आलेला नाही.”

सासूबाईंच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. फक्त डावी. मी सांगतो, पूर्ण तोंडाने हसणारी पुष्कळ माणसं बघितलीत, पण ते अर्धं हसू मी कशाशी बदलणार नाही.

पहिला घास गेला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळा हलला. दुसरा गेला. वाटी अर्धी झाली तेव्हा मेहुण्याने चमचा खाली ठेवला.

“भाऊजी, म्हणजे तिला सगळं कळतंय?”

“तुझ्यापेक्षा जास्त.”

गेल्या काही दिवसांत आईसमोर कोण काय काय बोललं, ते ज्याचं त्याला आठवत असावं. मेहुण्याने आईच्या पावलावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसला. मग डॉक्टरांना फोन करायला म्हणून उठून बाहेर गेला. नाक पुसायला गेला, असं म्हणा.

मला आठवलं ते वेगळंच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा यांच्या घरात कुणीतरी नाक मुरडलं होतं, “मशीनवाला? तो चक्रम?” तेव्हा या बाई म्हणाल्या होत्या, “माझी मुलगी त्याच्याजवळ हसते. एवढं मला पुरे आहे.” त्या वाक्यावर माझा संसार उभा आहे. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. सासूचे आभार कसे मानतात, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही.

आणि जन्मभर मी इतक्या लोकांच्या खोड्या काढल्या. लोक हसले आणि विसरले. एका माणसाने त्या जपून ठेवल्या, आणि सगळे शब्द हातातून गेले तेव्हा त्यातूनच नेमकी कामाची शोधून काढली. अजून काय पाहिजे हो चावट माणसाला?

मी दोन्ही हात वर केले. एक अंगठा मिटला. नऊ बोटं.

“ई-नऊ, आई,” मी म्हणालो. “आम्हालाही करमत नव्हतं.”

त्या बघत राहिल्या. डोळे भरले, माझेही. आता गहिवर येणार एवढ्यात त्यांनी डावा हात उचलला. चार बोटं.

“ई-चार!” मी ओरडलो. “बघ, बघ, जावयाला चहा! या अवस्थेत आठवण आहे बाईंना. नाहीतर तू!”

बायको डोळे पुसत, हसत आत गेली आणि चहा घेऊन आली. मी पलंगाशेजारी उभा राहून ऐटीत घोट घेतला. “वा! सुरू करा मशीन!”

चार बोटं तशीच.

“प्यायलो की आई. आलं पण आहे.”

चार बोटं. आता जरा पुढे आलेली.

शेजारी सिस्टरनी घमेलं स्टुलावर ठेवलं होतं. टॉवेल भिजवून पिळला होता, अंग पुसायला म्हणून सासूबाईंच्या झग्याचे वरचे बंद सोडले होते. आणि माझ्या मागे खोलीचं दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत फोन कानाला लावून मेहुणा येरझारा घालत होता, प्रत्येक फेरीला दारासमोरून जात होता. झटका आल्यापासून ते दार कुणी लावलंच नव्हतं. आमची ये-जा सोयीची व्हावी म्हणून. केस विंचरायलासुद्धा आधी कडी लावून बसणारी ही बाई.

दोनदा थट्टेत धरला मी पुस्तकातला कोड. एका दिवसात दोनदा.

“चुकलो, आई,” म्हणालो. कप घेऊन उलट्या पावली बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. टक्.

आत पाण्यात टॉवेल बुडाल्याचा आवाज आला.

मेहुणा फोन ठेवून धावत आला. चेहरा उजळलेला. “भाऊजी! डॉक्टर म्हणाले, खातायत ना, मग उद्याची नळी राहू दे! आईला सांगतो,” आणि हात थेट दाराच्या मुठीवर.

“थांब.”

“अहो, चांगली बातमी आहे!”

“सांग की. पण दार लागलंय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे. मूठ सोडली, शर्टावरचा वाळलेला भात नखाने काढला, कॉलर नीट केली आणि वाकड्या बोटाने दारावर टकटक केली. या घरात तो जन्मला, पण आईच्या दारावर टकटक त्याने बहुधा पहिल्यांदाच केली असेल.

आतला पाण्याचा आवाज थांबला. पलंगाच्या कठड्यावर एक ठोका पडला. एकच.

एक म्हणजे या की थांबा, हे आमचं अजून ठरलेलं नव्हतं.

आम्ही थांबलो.